फ्यांगचा माळ: पाच हजार रोपं आणि हिवाळ्याचं पाणी

१० ऑक्टोबर २०१० रोजी लेहजवळ ९,३१३ माणसांनी ३३ मिनिटं २५ सेकंदांत ५०,०३३ रोपं लावली. जागतिक विक्रम झाला. दोनच महिन्यांपूर्वी, ५ ऑगस्टच्या रात्री, लेह परिसरात ढगफुटीने दोनशेहून अधिक माणसं नेली होती. त्यानंतरच्या शरदात इतकी माणसं हातात रोप घेऊन जमली, याला किंमत आहेच. पण लडाखमध्ये झाड लावणं हा अर्ध्या तासाचा खेळ आहे, आणि ते पुढच्या एप्रिलमधून पार नेणं हा सगळा संसार. या प्रकरणात त्या एप्रिलचीच गोष्ट आहे. विक्रम वगैरे न करता लावलेल्या पाच हजार रोपांची, फ्यांग नावाच्या गावातली.

फ्यांग लेहच्या पश्चिमेला आहे. वर १५१५ साली स्थापन झालेला द्रिगुंग काग्यू या बौद्ध पंथाचा मठ, मधून वाहणारा ओढा, ओढ्याच्या दोन्ही काठांना जवाची हिरवी पट्टी, आणि पट्टी संपते तिथून दगडधोंड्यांचा उघडा माळ. ओढा पुढे खाली सिंधूकडे जातो आणि वाटेत शेवटी फे हे गाव लागतं. वर फ्यांग, खाली फे. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण सगळं प्रकरण शेवटी त्याच्यावर येऊन थांबतं.

लेहची उंची साधारण ३,५०० मीटर. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एवढा पाऊस आषाढातल्या एका दिवसात पडून जातो. तेव्हा इथे शेती पावसावर होत नाही, हिमनदीच्या वितळण्यावर होते. आणि इथेच खोच आहे. वरच्या हिमनद्या जोमाने वितळायला लागतात जूनच्या मध्यावर. पेरणी मात्र एप्रिल-मेमध्येच व्हायला हवी, कारण सप्टेंबरात थंडी पुन्हा दारात उभी असते. म्हणजे ज्या सहा-आठ आठवड्यांत बी मातीत असतं आणि रोपाला कोंब फुटतो, नेमक्या त्याच दिवसांत ओढा फार बारीक असतो. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा शेतात काडी हिरवी नसते, तेव्हा तेच ओढ्याचं पाणी बारीक पण अखंड वाहत सिंधूला मिळतं.

लडाखमध्ये वर्षभराच्या पाण्याची वाण आहे हे खरंच. पण गावकऱ्याला टोचते ती वेळेची चूक. पाणी येतं, चुकीच्या महिन्यात येतं.

या तुटपुंज्या वसंतासाठी गावांनी शतकानुशतकं एक व्यवस्था चालवली. ओढ्यातून निघणारा मुख्य पाट म्हणजे मायूर, आईपाट. त्याला फुटणारे लहान पाट. रात्रीचं पाणी साठवायला झिंग नावाचं तळं. आणि या सगळ्यावर गावाने नेमलेला माणूस, चुरपोन. कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी, दगड कुठला काढायचा, मातीचा बांध कुठे घालायचा, हे तो ठरवतो. खानदेशातल्या फड पद्धतीच्या सिंचनात पाटकरी जे करतो तेच काम. फरक इतकाच की इथे चुकलेली एक पाळी पुढच्या पावसाने भरून निघत नाही. गावागावांच्या हक्कांची नोंदही आहे. डोगरा राजवटीत रिवाज-ए-आबपाशी या नावाने ओढ्यांचे वहिवाटी हक्क कागदावर उतरवले गेले, आणि आजही तंटा झाला की तेच कागद निघतात.

शहरातल्या सामूहिक बागेची कल्पना घेऊन लडाखला जाणाऱ्याला ही गोष्ट चटकन कळत नाही. तिथे वाफे खासगी आणि उत्साह सामूहिक असतो. इथे शेत ज्याचं त्याचं, पाणी मात्र सगळ्यांचं. त्या अर्थाने आख्खं गाव हीच एक सामूहिक बाग.

आता बर्फाकडे. चेवांग नोर्फेल हे सरकारी ग्रामविकास खात्यातले स्थापत्य अभियंता. हिवाळ्यात उघड्या नळातून गळणारं पाणी झाडांच्या सावलीत गोठून साचलेलं त्यांनी पाहिलं आणि त्यावरून १९८७ मध्ये फुकत्से गावी पहिली कृत्रिम हिमनदी केली. ओढ्याचं पाणी वळवून, दगडी बांधांच्या पायऱ्यांवरून संथ करत, सावलीच्या उतारावर गोठवायचं. ते गावाच्या जवळ आणि खऱ्या हिमनदीच्या बरंच खाली असल्यामुळे आधी वितळतं, थेट पेरणीच्या वेळी. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पद्धतीची अडचण अशी की तिला सावली लागते, उंची लागते, आणि पूर आला की बांध वाहून जातात. शिवाय जागा बहुधा गावापासून लांब, चढावर.

लडाखचेच अभियंता आणि शिक्षण क्षेत्रातले कार्यकर्ते सोनम वांगचुक यांनी नेमकी सावलीची अट काढून टाकली. मे महिन्यात एका पुलाखाली त्यांना बर्फ टिकलेला दिसला. हवा तर तिथेही उबदारच होती. म्हणजे बर्फाचा वैरी हवेपेक्षा थेट ऊन. मग ज्या आकाराला ऊन कमीत कमी लागेल तो आकार करायचा: शंकू. गावाच्या वरून ओढ्याचं पाणी जमिनीखालून पाइपने आणायचं. टाकी उंचावर असली की खालच्या नळाला जोर येतो, त्याच न्यायाने पाइपचं तोंड उभं केलं की पाणी पंपाशिवाय, विजेशिवाय वर उडतं. बाहेर उणे वीस अंश. कारंजाचे थेंब खाली पडेपर्यंत गोठतात, आणि त्यांचा स्तूप चढत जातो. २०१३-१४ च्या हिवाळ्यात लेहजवळ सहा मीटरचा नमुना उभा राहिला, दीड लाख लिटरचा, सावलीविना. तो १८ मे २०१४ पर्यंत टिकला.

आकाराचा हा मुद्दा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. सोयीसाठी २० मीटर उंच आणि तळाची त्रिज्या १० मीटर असा शंकू धरू. घनफळ साधारण २,१०० घनमीटर, आणि उन्हाकडे उघडी असलेली बाजू ७०० चौरस मीटर. तेवढंच बर्फ अर्धा मीटर जाडीने माळावर पसरलं तर ४,२०० चौरस मीटर उघडं पडेल. सहापट. शाळेतलं शंकूचं सूत्र कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

नमुना टिकल्यावर फ्यांगच्या मठाने पुढाकार घेतला आणि आपल्या माळावर असे आणखी वीस स्तूप करण्याची इच्छा दाखवली. इंटरनेटवरून लोकवर्गणी झाली, सव्वा लाख डॉलरच्या आसपास. त्यातून २.३ किलोमीटरचा पाइप माळापर्यंत आला. २०१४-१५ च्या हिवाळ्यात उभा राहिलेला स्तूप सुमारे २० मीटरचा होता, आणि त्याचं शेवटचं बर्फ वितळलं ६ जुलै २०१५ रोजी. त्यातून जवळपास १५ लाख लिटर पाणी मिळालं. गावकऱ्यांनी माळावर लावलेल्या पाच हजार रोपांना ते गेलं. बहुतेक विलो आणि पॉप्लर.

विलो-पॉप्लर का, फळझाडं का नाहीत, असा प्रश्न मैदानी माणसाला पडतो. जर्दाळू खाता येतो, पॉप्लर नाही. पण लडाखी घराचं छप्पर पॉप्लरच्या तुळयांवर आणि त्यांच्यावर दाटीने मांडलेल्या विलोच्या काटक्यांवर उभं असतं. विलोचा पाला आणि बारीक फांद्या जनावरांना, जळणाला, कुंपणाला. दोन्ही झाडं फांदी रोवून लागतात, रोपवाटिकेची वाट पाहावी लागत नाही. पहिली काही वर्षं मोकाट गाढवा-गुरांनी साल सोलू नये म्हणून बुंध्याला जुने डबे नाहीतर कापड गुंडाळायचं. फांद्या रोवलेला, डबे घातलेला माळ दिसायला काही सुंदर नसतो. बाहेरच्या छायाचित्रकारांनी स्तूपाचे फोटो भरपूर काढले, या डब्यांचे फार कमी.

आता थोडा हिशेब, कारण स्तूपाबद्दल लिहिणारे बहुतेक इथेच थांबतात.

१५ लाख लिटर भागिले पाच हजार रोपं, म्हणजे रोपामागे ३०० लिटर. एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऐंशीएक दिवस धरले तर रोज पावणेचार लिटर. नव्याने रोवलेल्या फांदीला, थेट मुळाशी दिलं तर, एवढ्यात जगता येतं. त्यानंतर खऱ्या हिमनदीचं पाणी ओढ्याला येतं. म्हणजे रोपांसाठी हे गणित बसतं, आणि नीट बसतं.

शेताचं घेऊ. एक हेक्टर जवाला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर लागतात. अख्खा वीस मीटरचा स्तूप म्हणजे एका हेक्टरच्या तीन पाळ्या. पीक हातात यायला त्याहून जास्त पाळ्या लागतात. स्तूपाने गावाची शेती तरते असं जे सर्रास म्हटलं जातं, ते या आकड्यांसमोर फार टिकत नाही. पेरणीची पहिली पाळी वेळेवर मिळणं याला मोल आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण एका स्तूपाची खरी ताकद झाडं जगवण्यात आहे, जवाच्या वाफ्यात पाणी तुंबवण्यात नाही. फ्यांगकरांनी ते माळावरच्या रोपांना दिलं, ही माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत शहाणी गोष्ट.

आणि त्याच मापाने २०१० च्या विक्रमाकडे पाहिलं तर? ५०,०३३ रोपांना प्रत्येकी ३०० लिटर म्हणजे दीड कोटी लिटर. दहा स्तूप. दर वसंतात. ती रोपं वेगळ्या जागी होती आणि त्यांच्या पाण्याची सोय वेगळी, त्यामुळे तुलना ओढूनताणून करू नये. फक्त रोपांचा आकडा वाचला की त्याला तीनशेने गुणण्याची सवय लागली, तर वाईट नाही.

खर्चाच्या बाजूला पाइप दिसतो, माणूस दिसत नाही. कारंजं चालू असेपर्यंत पाणी हलतं ठेवावं लागतं. रात्री प्रवाह थांबला की पाइपमध्ये बर्फ धरतो, आणि एकदा पाइप भरून गोठला की त्या हिवाळ्याचा स्तूप तिथेच संपला. म्हणून कुणीतरी अंधारात, उणे वीसमध्ये, वर चढून तोंड मोकळं करायचं. आणखी एक गोष्ट पुढच्या मोजणीतून पुढे आली: फवारलेल्या पाण्यातला मोठा भाग गोठतच नाही, तसाच खाली वाहून जातो. थंडी, वारा, आर्द्रता दर तासाला बदलतात, आणि नळ मात्र एकाच वेगाने सोडलेला. म्हणून आता हवेप्रमाणे प्रवाह आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा बसवून पाहिली जाते. एक प्रकारे, चुरपोन जे काम पाटावर करतो ते झडपेने करायचं. रात्रीची चढण टळते, हे त्यातलं मोठं सुख. गावातली तरुण पोरं पर्यटनाच्या नाहीतर सैन्याच्या कामावर असतात. हिवाळ्यात मागे उरतात ती बहुधा त्यांची आई-बाबा आणि आजी-आजोबा.

आणि मग फे.

खालच्या फे गावाने फ्यांगच्या ओढ्यातलं पाणी असं वर अडवण्याला हरकत घेतली, आणि बाब जिल्हा प्रशासनापर्यंत गेली. या हरकतीकडे कुणी ‘चांगल्या कामात खोडा’ म्हणून पाहिलं असेल, तर ते फार वरवरचं झालं. नीट विचार केला तर फेचा प्रश्न रास्त आहे. वहिवाटीचे सगळे नियम पेरणी ते कापणी या काळापुरते. कुणाची पाळी आधी, कुणाची नंतर, वरच्या गावाने किती दिवसांनी पाणी खाली सोडायचं, सगळं ठरलेलं. हिवाळ्याच्या पाण्याबद्दल कुणी काही ठरवलं नव्हतं, कारण कुणाला ते नकोच होतं. ते फुकट वाहत होतं. ज्या दिवशी कुणीतरी त्याचा स्तूप केला, त्या दिवशी ते पाणी मालमत्ता झालं. मालमत्ता झाली की वाटेकरी आले, आणि ते येणारच होते. शिवाय ‘फुकट वाहतं’ हे वरच्या गावाचं म्हणणं. खालच्या गावाचे झरे आणि विहिरी हिवाळाभर झिरपणाऱ्या त्याच पाण्यावर किती अवलंबून आहेत, हे खाली राहणाऱ्यालाच आधी जाणवतं.

जमिनीचंही असंच. माळ उघडा होता तोवर तो कुणाचा, हे विचारायची वेळ आली नाही. तिथे पाणी पोहोचलं, झाडं लागली, पुढे वांगचुक यांच्या पर्यायी विद्यापीठासाठी २०१८ मध्ये लेहच्या स्वायत्त पर्वतीय विकास परिषदेने फ्यांगमध्ये जमीन दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रशासनाने ते वाटप रद्द केलं. त्या निर्णयात राजकारण किती आणि नियम किती, हा वेगळा आणि मोठा विषय. इथे त्यात शिरत नाही. पण ओसाड म्हणून सोडलेल्या जागेला पाणी लावलं की तिच्या कागदांवरची धूळही झटकली जाते, एवढं इथे नोंदवायला हवं.

मला विचाराल तर चूक अभियांत्रिकीत झाली नाही, क्रमात झाली. आधी पाइप आला, मग बोलणी. जिथे दोन गावं एका ओढ्यावर आहेत तिथे खोदकामाच्या आधी दोन्ही गावांची जाणती माणसं एकत्र बसायला हवीत आणि हिवाळ्याच्या पाळ्या लिहून निघायला हव्यात. किती पाणी वर वळवायचं, किती ओढ्यात राहू द्यायचं, स्तूप वितळल्यावर त्यातलं खाली काही जाणार की नाही. उन्हाळ्याच्या पाण्यासाठी हे पूर्वजांनी केलं. सोपं त्यांनाही गेलं नसणारच.

या प्रकरणाची एक बाजू बर्फाच्या नादात नेहमी सुटते, ती संडासाची. विषय जरा घरगुती आहे, पण टाळून चालणार नाही. जुन्या लडाखी घरात कोरडा संडास असतो: वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, खाली खोली, वरून फावडंभर माती आणि चुलीची राख. वर्षाकाठी खालची खोली उघडून ते खत शेतात जातं. पाणी लागत नाही आणि जवाला खत मिळतं. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं. २०२२ मध्ये वर्षाला पाच लाखांहून जास्त पर्यटक आले. त्यांना फ्लश लागतो. एका फ्लशला सहा लिटर धरू. पाच लाख माणसांनी आख्ख्या मुक्कामात प्रत्येकी एकदाच फ्लश ओढला तरी तीस लाख लिटर. फ्यांगचे दोन स्तूप. प्रत्यक्षात कुणी एकदाच ओढत नाही. आणि ते पाणी शेतात न जाता खड्ड्यात मुरतं, आणि लेहसारख्या ठिकाणी बोअरवेलच्या पाण्याजवळ जाऊन बसतं.

म्हणून मला वाटतं, लडाखमध्ये हिरवळ वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय नव्याने शोधायची गरज नाही, तो घराच्या वरच्या मजल्यावर आहे. लेहच्या बायकांनी असं एक काम पूर्वी करून दाखवलंय. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महिला संघटनेच्या रेट्याने लेहमध्ये १९९८ मध्येच प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, देशातल्या बऱ्याच शहरांच्या कितीतरी आधी. पाहुण्यांना राखेचं फावडं हातात द्यायला त्याहून जास्त धीर लागेल, कबूल. काही घरगुती मुक्कामांच्या ठिकाणी कोरडा संडास आहे आणि पाहुणे तो वापरतात. पहिल्या दिवशी कुरकुरतात, तिसऱ्या दिवशी फोटो काढतात.

स्तूपांची कल्पना फ्यांगपुरती राहिली नाही. पुढच्या हिवाळ्यांत इतर गावांनीही आपापले स्तूप उभे केले, त्यांच्या स्पर्धाही झाल्या. ज्या गावांना खाली शेजार नाही, ओढा त्यांच्याच शेतात संपतो, तिथे फ्यांगसारखा तंटा उद्भवायला जागा कमी. एक मर्यादा मात्र सगळ्यांना सारखीच. स्तूप पाणी निर्माण करत नाही, ते एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात नेतो. हिवाळ्यात ओढाच आटला, वर बर्फच कमी पडलं, तर कारंजाला उडवायला काही नसतं. नोर्फेल यांच्या बांधांचीही तीच गत. हिमनद्या मागे सरकत असताना ही पद्धत वेळ मिळवून देते, हिमनदी परत देत नाही.

आणि रोपांचं? रोवलेली फांदी पहिल्या वर्षी जगली म्हणून दुसऱ्या एप्रिलमध्ये तिला तहान लागायची थांबत नाही. मूळ खोल जाईपर्यंत, म्हणजे काही वर्षं, दर वसंतात तेच तीनशे लिटर कुठून तरी यायला हवेत, म्हणजे दर हिवाळ्यात पाइप चालू राहायला हवा, आणि त्यासाठी दर हिवाळ्यात फ्यांग आणि फे यांचं जमायला हवं. चुरपोनचं काम मात्र वसंताच्या तोंडावर सुरू होतं. कारंजाचं तोंड उघडायचं असतं नोव्हेंबरच्या शेवटी.